गारंबीचा शेंडाबुडखा

कुरवंडे गावाच्या वरच्या अंगाला भाताची खाचरं संपतात आणि घळ सुरू होते. तिथल्या शेवटच्या बांधावर दत्तोबाच्या बापाने लावलेला एक रायवळ आंबा होता. पिकला तर त्याला फारशी चव नसे, पण लोणच्याला तशी कैरी साऱ्या गावात नव्हती. दत्तोबाची बायको बयाबाई पाटी घेऊन लोणावळ्याच्या बाजारात बसली की बंगल्यांवरचे आचारी दुसऱ्यांच्या पाट्या ओलांडून तिच्याकडे येत.

तीन-चार पावसाळ्यांपूर्वी घळीतून एक गारंबीचा वेल या आंब्यावर आला.

गारंबी हा काही कुंपणावर चढवायचा वेल नव्हे. त्याचं खोड माणसाच्या मांडीएवढं होतं, आणि ओल्या धोतराला पीळ द्यावा तसं ते पिळत जातं. शेंगा इतक्या लांब की झाडावरून लोंबणारी शेंग खाली उभ्या माणसाच्या खांद्यावर घेतली तर गुडघ्यापर्यंत यावी. आत तपकिरी, गुळगुळीत, तळवा भरेल एवढ्या बिया. वरच्या वाडीतल्या बायका त्या बियांच्या गराने केस धूत, बाळंतिणीची कंबर धरली तर बी उगाळून लावत. वेल घळीत होता तोवर दत्तोबाचं त्याच्याशी काही भांडण नव्हतं. पण आंब्यावर आल्यावर एका बाजूचा मोहोर गेला. दत्तोबा चिडला, झाडावर चढला आणि वेलाचा शेंडा छाटून टाकला. पुढच्या पावसाळ्यात कापल्या जागेच्या खालून एकाच्या जागी दोन धुमारे फुटले. आषाढातल्या वाऱ्यात त्या भाराने आंब्याची मोठी फांदी कडाडून मोडली ती थेट खाचरातल्या भातावर पडली.

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी दत्तोबाने कुऱ्हाडीला धार लावली.

"शेंडा छाटून न्हाई भागायचं," तो म्हणाला. "आता बुडातच तोडतो."

बयाबाई चुलीवरून भाकरी काढत होती. "बूड कुटं हाय त्येचं?" तिने विचारलं.

दत्तोबा बोटाने कुऱ्हाडीची धार बघत राहिला. बायकोच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. बयाबाईचं माहेर बेडशाचं. लहानपणी ती गावावरच्या लेण्यातल्या खांबांपाशी जाऊन बसे आणि खांबाच्या माथ्यावरचे घोडे असे दोन दिशांना तोंडं करून का बसलेत म्हणून बापाला विचारी. बाप म्हणे, "वर चढ आन् त्येंनाच इचार." सासरी आली तरी तिची खोड गेली नाही. मिठात भिजलेली कैरी आधी कडेने का सुरकुतते, माठ कुठून पाझरतो, भात एवढ्यावरच येऊन का थांबतं, असं काही ना काही तिला पडलेलंच असे. सासू हयात होती तोवर कंटाळून म्हणे, "बाई, काम कर."

पण आजचा प्रश्न खरा होता. दोघं बांधावर जाऊन उभी राहिली तेव्हा दत्तोबाच्याही ते ध्यानात आलं. आंब्याच्या बुंध्याशी वेल नव्हताच. तो वरून आला होता. शेजारच्या जांभळीवरून आंब्यावर, जांभळीवर मागच्या हिरड्यावरून, आणि हिरड्यावर कुठून ते पानांत दिसत नव्हतं. दत्तोबा कुऱ्हाड खांद्यावर घेऊन मान वर करून उभा राहिला.

तेवढ्यात घळीतून कमळाबाई उतरली. वरच्या वाडीतली ही म्हातारी दरवर्षी या दिवसांत शेंगा वेचायला येई. आसपासच्या दोन-तीन गावांतल्या बायकांची बाळंतपणं तिच्या हातून झालेली. बयाबाईच्या तिन्ही पोरांना पहिला हात तिचाच लागला होता. कुऱ्हाड बघताच ती थबकली.

"काय तोडतूस, दत्तोबा?"

"ही गारंबी. आंबा खाल्ला माझा तिनं."

"गारंबी तुजी न्हाई."

"आंबा माझा हाय न्हवं, मावशी?"

"आंबा तुजा. पन गारंबी वाडीची. तिचा बुडखा आमच्या वाडीच्या पाठीमागं हाय. माझ्या आजीनं मला लहानपनी हाताला धरून दाखवलाय. ज्याच्याकडं बुडखा त्याचा वेल."

"मंग तर झ्याक झालं," दत्तोबा म्हणाला. "वाडीच्या वेलानं माझी फांदी मोडली. दाखव मला बुडखा. एका घावात मोकळा व्हतो."

कमळाबाईचा चेहरा उतरला. आपणच बोलून फसलो हे तिला कळलं. तशी बयाबाई पुढे झाली.

"मावशी, तुमी तो बुडखा कवा बघितलाव?"

"सांगितलं की, ल्हान असताना. मंग तिकडं कोन जातंय? करवंदीचं रान लय माजलंय."

"मंग चला की, बघून तर येऊ. तोडायचं का न्हाई ते तितं गेल्यावर ठरवू." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "वाट कशाला इचारायची? वेल हाय की. त्येच्याच मागनं जाऊ."

दत्तोबा हसला. पण घरी गव्हाणीत पेंढा टाकण्यापलीकडे त्या दिवशी काही काम नव्हतं. बयाबाईने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि तिघं निघाली.

हिरड्यापर्यंत सोपं होतं. तिथून वेल खाली उतरला होता आणि सुकलेल्या कारवीतून जमिनीलगत गेला होता. बयाबाईने त्याच्यावर हात ठेवला आणि तो न उचलता चालू लागली. हाताखाली साल खरखरीत होती, मध्येच चिरलेली, मध्येच शेवाळाने गार. वेल एका झाडावर चढला की तिघं खाली उभी राहून तो कुठल्या बाजूने उतरतो ते शोधत. एकदा तो तीन झाडांवरून वरच्या वरच गेला आणि नाहीसाच झाला. बयाबाई आणि कमळाबाई दोन बाजूंना हिंडल्या. शेवटी लांबून दत्तोबाची हाक आली, "हितं हाय, हितं! अगं, ह्या उंबरावर चढून पल्याड गेलाय!" त्याच्या आवाजात राग नव्हता. हरवलेली गाय सापडल्यावर माणूस ओरडतो तसा तो ओरडला होता.

पुढे एका सपाटीवर वेल चांगलाच लांबवर जमिनीला टेकून पडला होता. दत्तोबाने पायाने पाला सारला. वेलाच्या पोटातून बोटाएवढी जाड मुळं निघून मातीत शिरली होती.

"ह्ये घे मूळ," तो म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

"थांबा," बयाबाई म्हणाली. "तो म्होरं चाललाय. बघा."

खरंच, मुळांच्या पलीकडे वेल तसाच, उलट थोडा अधिक जाड होऊन, चढणीला लागला होता.

"मुळं मधीच कशी?" दत्तोबाने कुऱ्हाड खाली टेकवली.

"जितं टेकला तितं धरलं असंल त्यानं." कमळाबाई वाकून बघत होती. "आपुन रताळ्याचा वेल लावतो तसं."

"म्हंजी हितं तोडला तर?"

"तुमचा तिकडचा ह्या मुळांवर जगंल आन् हिकडचा त्याच्या मुळांवर," बयाबाई म्हणाली. "एकाचं दोन व्हतील. वर छाटल्यावर झालं तसंच."

दत्तोबाने एकदा त्या मुळांकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो पुढे झाला. आता तोच सगळ्यांच्या पुढे चालत होता.

अशा आणखी दोन-तीन जागा लागल्या. मग ओढा आला. मार्गशीर्ष असल्यामुळे पाणी घोट्याएवढंच होतं, पण दोन्ही काठ उभे होते, आणि वेल या काठावरच्या झाडावरून त्या काठावरच्या झाडावर, छातीएवढ्या उंचीवर, आडवा ताणलेला होता. त्याच्यावरची साल एका जागी घासून गुळगुळीत झाली होती.

"हितं माणसांचं हात लागलेत," बयाबाई म्हणाली.

"लागनार न्हाईत तर काय? वाडीची मानसं पावसाळ्यात ह्यालाच धरून पल्याड येत्यात." कमळाबाई दगडावर टेकली. "तुज्या थोरल्याच्या येळंला हितंनंच आलते मी. श्रावनाचा पूर व्हता. पानी हितपत्तोर," तिने कमरेवर हात ठेवला. "मला बोलवायला तुजा धाकला दीर भिमाजी आलता. तो अल्याड उभा ऱ्हाऊन रडायला लागला, म्हनला मावशी तुमी येऊ नका. मी दोनी हातांनी ह्याला मिठी मारून आले."

ही गोष्ट बयाबाईला ठाऊक नव्हती. त्या वेळच्या कळांपलीकडे तिला काही आठवत नव्हतं. म्हातारी ओली चिंब होऊन आली आणि आधी चुलीपाशी हात शेकत बसली, एवढंच. दत्तोबाने वेलाला हात लावून तो हलवून बघितला. वेल हलला नाही. मग ओढा ओलांडताना त्याने म्हातारीचा हात धरला.

पलीकडे वाडीच्या पाठीमागचं रान होतं. करवंदीतून वाट काढायला कुऱ्हाड उपयोगी पडली. वेल आता दोन मांड्यांएवढा जाड झाला होता, आणि त्याचा रंग बदलत चालला होता. आधी साल काळी पडली, मग गळून गेली, मग बयाबाईचं बोट लाकडात रुतलं. ते भिजलेल्या पावासारखं मऊ होतं. थोडं पुढे एका काळ्या खडकाच्या कुशीत तो जमिनीला मिळाला होता, आणि तिथे मातीतून वर आलेला एक मोठा, पोकळ, भुरभुरीत बुडखा होता. आत वाळवीची माती भरली होती आणि कडेला पांढऱ्या अळिंब्या उगवल्या होत्या.

"ह्योच खडक," कमळाबाई म्हणाली. "ह्योच. आजी हितं बसली व्हती."

तिने वाकून बुडख्याच्या कडेला हात लावला. एक ढलपी सुटून तिच्या हातात आली आणि चुरा होऊन खाली पडली. म्हातारी तिथेच बुडख्यापाशी बसली.

दत्तोबा कुऱ्हाड घेऊन उभा होता. तोडायला आला होता त्या जागी तोडण्यासारखं काही नव्हतं.

"मेलाय ह्यो," तो हळूच म्हणाला. "लय वर्षं झाली असतील."

"मी समद्यांना सांगत आले," कमळाबाई म्हणाली. "सुनांना सांगितलं, नातींना सांगितलं. वाडीच्या पाठीमागं बुडखा हाय, तवर वेल आपला. आन् हितं तर भुगा." तिचे डोळे भरले होते. "आजी खोटं बोलली म्हनायचं का?"

"आजी कशाला खोटं बोलंल?" बयाबाई तिच्या शेजारी बसली. "तवा हितंच व्हता त्यो. मंग म्होरं गेला."

"वेल कुटं चालतो व्हय?"

"मंग ह्ये काय? हितं जन्मला, वाट धरली, जितं टेकला तितं मुळं सोडली. मागचं कुजलं तरी त्येला काय? म्होरलं खात ऱ्हायलं, वाढत ऱ्हायलं. तुमच्या आजीच्या येळंला वाडीपाशी, तुमच्या येळंला वढ्यावर, आन् आता आमच्या आंब्यावर."

दत्तोबाही कुऱ्हाड बाजूला ठेवून बसला. मग भाकरी सोडली. खाता खाता दत्तोबाने, बहुधा लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, बायकोला आपणहून एक प्रश्न विचारला.

"मंग ह्यो थांबतो कुटं?"

बयाबाईने घास तसाच हातात धरला. "तेच मला कळंना," ती म्हणाली. "भाताचं कसं, पोटरीत आलं, लोंबी भाईर पडून निसवलं की वाढ सपली. मंग किती बी पानी द्या, बोटभर वाढायचं न्हाई. ह्येला तर दरसाल फुलं येत्यात, शेंगा येत्यात, तरी चाललाच हाय."

"भाताला दाना धरला की काम झालं त्याचं," दत्तोबा म्हणाला.

"ह्येच्या शेंगंत दाना न्हाई का? एवढा मोठा दाना दुसऱ्या कुनाचा हाय? मंग ह्येचं काम का व्हत न्हाई?"

कमळाबाईने डोळे पुसले. "फुलं वर शेंड्याला न्हाई येत," ती म्हणाली. "मागल्या जुन्या लाकडावर, पानांच्या बगलंत येत्यात. मी चैतात बघते की."

बयाबाईने ते ऐकलं आणि परतीच्या वाटेला ती सगळ्यांच्या पुढे लागली.

आंब्यापाशी आल्यावर तिने नवऱ्याला वर चढवून वेलाचा एक कोवळा शेंडा काढून आणायला लावला. मग ती खाचरात उतरली. कापणीनंतर ओल राहिलेल्या कोपऱ्यात धसकटांना पुन्हा हिरवे फुटवे फुटले होते. त्यातला एक फुगीर पोटाचा फुटवा तिने उपटून घेतला. बांधावर बसून तिने करवंदीचा काटा हातात घेतला.

आधी तिने भाताचा फुटवा सोलला. एक पान काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. अगदी आत, जिथे शेंडा असायला हवा तिथे, पांढरी, दुधासारखी, केसाएवढ्या काड्यांची इवलीशी लोंबी होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

मग वेलाचा शेंडा घेतला. तांबूस, तेलकट, पानं मिटलेली. एक पान काढलं, त्याच्या आत एक मिटलेलं पान होतं. ते काढलं, त्याच्या आत आणखी एक. काट्याचं टोकही आता जाड पडू लागलं, तरी ती सोलत राहिली. शेवटी तिच्या बोटावर मोहरीएवढा हिरवा ठिपका उरला. तो तिने उन्हात धरला, डोळ्यांपाशी आणला. कमळाबाई आणि दत्तोबा तिच्या दोन खांद्यांवरून वाकून बघत होते.

"काय हाय?" दत्तोबाने विचारलं.

"पानंच," बयाबाई म्हणाली. "ह्येच्यात बी पानंच असतील. फूल न्हाई." तिने दोन्ही बोटं शेजारी शेजारी धरली. "बघा, भात आपला शेंडाच मोडून त्येची लोंबी करतं. मंग वाढंल कशानं? शेंडाच ऱ्हायला न्हाई. आन् ह्यो शहाना फुलं-शेंगा मागं बगलंला ठेवतो आन् शेंडा तसाच राखतो. म्हनून थांबत न्हाई."

"म्हंजी कदीच न्हाई?" कमळाबाई म्हणाली.

"जागा मिळंल तवर. पानी मिळंल तवर. मला तरी असंच दिसतंय."

दत्तोबाने तिच्या बोटावरचा हिरवा ठिपका आपल्या बोटावर घ्यायचा प्रयत्न केला, पण तो मातीत पडला. तरी तो बराच वेळ तिथे वाकून शोधत होता.

कुऱ्हाड त्या दिवशी चालली नाही. पण आंब्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. बापाने लावलेलं झाड असं डोळ्यांदेखत मरू द्यायला दत्तोबा तयार नव्हता. बयाबाईचं म्हणणं असं की तोडून त्याचे दोनाचे चार होणार, त्यापेक्षा त्याला दुसरीकडे वळवावा. वेलाला आंबाच हवा असं थोडंच आहे? त्याला धरायला काहीतरी हवं. खाचराच्या खालच्या बांधावर एक वठलेलं ऐनाचं झाड उभं होतं. जांभळीपासून ऐनापर्यंत वाट करून दिली तर?

कमळाबाईने वाडीतून बांबूचे लांब कळक पाठवले. ते घेऊन तिचा मुलगा कान्हू आला आणि दत्तोबाने व त्याने मिळून जांभळीपासून ऐनापर्यंत दोन दोन कळक जोडून उंच मांडव घातला. गावातली माणसं येता-जाता विचारत, "कारली लावताय का, दोडकी?" दत्तोबा म्हणे, "गारंबी." मग ती माणसं पुढे गेल्यावर हसत. हौशीराम, ज्याचं रान ऐनाच्या पलीकडे होतं, तो तर समोरच हसला.

जेठाच्या अखेरीस वेलाला जोर आला. बयाबाई भात लावणीच्या घाईतही, पाठीवर इरलं घेऊन, दिवसाआड तिथे जाई. आंब्याला गुंडाळलेले दोऱ्यासारखे तणावे हलक्या हाताने सोडवी आणि धुमारा कळकावर आणून ठेवी. सुरुवातीला तो ऐकेना. आज वळवलेला शेंडा दोन दिवसांनी पुन्हा आंब्याकडे मान करून उभा असे. मग तिच्या ध्यानात आलं की तो उजेडाकडे वळतो आहे; तिने दत्तोबाकडून मांडवावर सावली धरणाऱ्या जांभळीच्या दोन फांद्या उतरवून घेतल्या. त्यानंतर एका धुमाऱ्याने कळक धरला तो सोडला नाही. श्रावणात तो मांडवाच्या मध्यावर होता, भादव्यात ऐनावर. दुसरा धुमारा मात्र हट्टी निघाला. बयाबाई तापाने आजारी पडली त्या आठवड्यात तो आंब्याच्या उरल्या फांद्यांत असा काही घुसला की त्याला सोडवता सोडवता दत्तोबाच्या हातून आंब्याचीच डहाळी मोडली. शेवटी त्या बाजूचा आंबा गेलाच. दुसरी बाजू वाचली. त्या बाजूला दोन वर्षांनी मोहोर आला आणि बयाबाई अर्धी पाटी घेऊन का होईना, पुन्हा बाजारात बसली.

त्या काळात बयाबाईला एक नवीनच नाद लागला. भोपळा, काकडी, पावटा, तेरडा, ज्याचा म्हणून शेंडा हाताला लागेल तो ती काट्याने सोलून बघे. कुणाच्या शेंड्यात फूल निघे, कुणाच्यात पानंच. आंब्याने तर तिला फार गोंधळात टाकलं. एका डहाळीच्या शेंड्याला मोहोर, तर तिच्या शेजारच्या डहाळीच्या शेंड्याला पालवी. आणि जिचा शेंडा मोहोरात संपला ती डहाळी पुढच्या साली बाजूने फुटून पुन्हा चालू. "आंब्याचं दोनी हाय," ती नवऱ्याला सांगे. "थांबतो बी, आन् चालतो बी." दत्तोबा मान हलवी. गुरं चारून येताना आता तोही काही ना काही शेंडे मुंडाशात खोचून आणी.

ऐनावर गेलेला वेल पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच एका फांदीवरून खाली लोंबला, बांधाला टेकला आणि तिथे त्याने मुळं सोडली. ते पाहून दत्तोबा वाडीवर गेला. कमळाबाईला म्हणाला, "मावशी, बुडखा आता माझ्या बांधावर हाय."

म्हातारी घाबरून त्याच्याकडे बघू लागली.

"तसं न्हवं," दत्तोबा म्हणाला. "शेंगा येतील त्या वाडीच्याच. तुमी आजीचा खडक सांगत आलाव, आता नातींना माझा बांध बी सांगा. आन् वढ्यावरचा वेल कुनी तोडायचा न्हाई, मी बी न्हाई."

पुढे लढाई सुरू झाली. लोणावळ्याच्या स्टेशनावर गोऱ्या सैनिकांच्या गाड्या थांबू लागल्या. त्या सुमारास कमळाबाईचे पाय गेले. बाळंतपणं आता तिची सून बायडाबाई करी. शेंगा पिकल्या की बयाबाई त्या स्वतः वाडीवर नेऊन देई आणि म्हातारीपाशी बसे.

"शेंडा कुटं पोचला?" म्हातारी दर वेळी विचारी.

"ऐनाच्या पल्याड गेलाय. खालच्या बाभळी धरल्यात."

"बुडखा बघितला मी. शेंडा जवळनं कदी बघितला न्हाई. त्यो आपला वरच्या वर."

"आता हाताला लागंल असा हाय. पावसाळ्यात या बघायला."

"मी कशी येनार, बाय?"

पण त्या पावसाळ्यात ती आली. भादव्यात उघडीप पडली तेव्हा कान्हूने आईला पाठुंगळी घेतलं, ओढ्यावर एक हात वेलावर ठेवून तो अल्याड उतरला आणि तिला थेट खालच्या बांधावर आणून घोंगडीवर बसवलं. बयाबाईने बाभळीवरून लोंबणारा धुमारा हळूच खाली ओढला आणि म्हातारीच्या हातात दिला. तांब्यासारखा रंग, पुढे दोन बारीक तणावे, काहीतरी शोधत असल्यासारखे वळलेले. कमळाबाईने तो गालाला लावून बघितला.

"कवळा हाय," ती म्हणाली. "तान्ह्या पोराच्या कानावानी. एवढ्या म्हाताऱ्या वेलाचा शेंडा एवढा कवळा!"

"नवाच असतो तो," बयाबाई म्हणाली. "जुनं मागं ऱ्हातं."

म्हातारीने धुमारा सोडला. तो वर गेला आणि थोडा वेळ हलत राहिला. तिने कपाळावर हात धरून तो ज्या दिशेला झुकला होता तिकडे बघितलं.

"ह्येच्या म्होरं काय हाय?"

"हौशीरामभाऊचं रान. त्यांचा फणस हाय तितं बांधावर."

"मंग त्याला आत्ताच जाऊन सांगा," कमळाबाई म्हणाली. "नायतर कुऱ्हाड घिऊन यील."

बयाबाईला हसू आवरेना. दत्तोबा मात्र गंभीरपणे उठला, मुंडासं नीट केलं आणि खरंच हौशीरामाच्या घराकडे निघाला. जाताना त्याने वेलाचा एक कोवळा शेंडा खुडून घेतला, आणि करवंदीचा एक काटा.